कॉट बेसिसवर मुली ठेवल्यात. फायरचं अन् परवान्याचं नेमकं काय काय लागतं?

गच्चीवरची_टाकी (लातूर)

नमस्कार मंडळी. औसा रोडला आमचं घर आहे. खाली आम्ही दोघं, वर दोन मजले. मुलासाठी म्हणून वर चढवलं, मुलगा गेला पुण्याला, अन् पाच खोल्या मोकळ्या राहिल्या. लातुरात मोकळी खोली ठेवली तर शेजारी वेड्यात काढतात. सहा वर्षांपासून नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासच्या मुली ठेवतो. सध्या १७ आहेत: तीन खोल्यांत तीन-तीन, दोन खोल्यांत चार-चार. कॉटमागे २२०० रुपये, डबा बाहेरून.

परवा हिंगोलीहून एक गृहस्थ मुलीची सोय बघायला आले. एरवी पालक विचारतात ते ठरलेलं: पाणी किती दिवसाला येतं, डबा कुणाचा, क्लास किती लांब. हे गृहस्थ मात्र जिन्याखाली वाकून मीटर बघायला लागले. मग वर जाऊन गच्चीचं दार ओढून पाहिलं, त्याला कुलूप. खाली येऊन चॅनल गेटपाशी उभे राहिले अन् म्हणाले, "काका, रात्री दोनला वर धूर झाला तर हे कोण उघडणार?" म्हटलं, मी उघडणार की. "अन् तुम्ही गावाला असलात तर?" मला काही सुचेना. चहा घेतला, बघतो म्हणाले, गेले. परत आले नाहीत.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. आमचं हे घर धरायचं का होस्टेल? फायरची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते का? करार करायचा तर १७ मुलींशी १७ करार? ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा. उगाच भीती घालू नका, आमची मंडळी (बायको) पण हा धागा वाचतात.

तुरीचं_वरण

वाचतोय. आमच्याकडं पण नांदेडला श्यामनगरात सहा पोरं आहेत.

जुना_घरमालक

काका, २२ वर्षं झाली पोरं ठेवतोय. आजवर एकानं फायर विचारलं नाही. तुम्ही स्वतःहून ऑफिसात गेलात की तुमचं नाव यादीत आलं म्हणून समजा. मग हा कागद आणा, तो आणा. झोपलेल्याला उठवू नका.

बार्शीलाइट

@जुना_घरमालक, झोपलेला म्हणजे साहेब का आग? दोन्ही उठले तर वेगवेगळी बिलं येतात.

आराखडा (छत्रपती संभाजीनगर)

मी नकाशे मंजूर करून घेण्याचं काम करते, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

"घर का होस्टेल" हे दारावरच्या पाटीवर ठरत नाही, वापरावर ठरतं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये निवासी इमारतींचे पोटगट आहेत. एका-दोन कुटुंबांची घरं ए-२ मध्ये. एकाच कुटुंबातली नसलेली माणसं एका व्यवस्थापनाखाली एकत्र झोपतात ती विद्यार्थी वसतिगृहं ए-३ मध्ये. खोल्या भाड्यानं देणारी लॉजिंगसारखी घरं ए-१ मध्ये. या ए-१ खाली एक ओळ आहे ती कुणी वाचत नाही: कुठल्याही खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं भाड्यानं ठेवली नसतील तर ते घर ए-२, म्हणजे साधं राहतं घर धरावं. काका, तुमच्या दोन खोल्यांत चार-चार आहेत. हे लक्षात ठेवा. तरी १७ मुली, एकच मालक, दोन मजले असं असल्यावर तुम्हाला सरळ ए-३ धरलं तर मला नवल वाटणार नाही.

दुसरं. तुमच्या मंजूर नकाशावर "निवासी" लिहिलेलं असणार. नगररचना अधिनियम १९६६ मध्ये बांधकामाबरोबर वापरातला मोठा बदलही "विकास" या शब्दात येतो, त्याला परवानगी लागते. वीट लावली नाही म्हणून सुटका नाही.

तिसरं म्हणजे फायर. राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे, लागू झाला डिसेंबर २००८ पासून. त्यात जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे, महापालिकेवर नाही. कुठल्या वापराला काय बसवायचं त्याची अनुसूची आहे. बसवलेलं चालू स्थितीत आहे असं नमुना 'ब' मधलं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. तेव्हा "एकदा एनओसी काढली की झालं" हा समज डोक्यातून काढा. मंजूर नकाशा घ्या, अग्निशमन विभागात लेखी अर्ज द्या अन् लेखीच उत्तर मागा. तोंडी "चालतंय हो" त्यांनी म्हटलेलं उद्या कामाला येत नाही.

जुना_घरमालक

म्हणलो ना? झाली सुरुवात.

वायरमन_भाऊ (परभणी)

मी वायरिंगचं काम करतो. कायद्याचं मला समजत नाही, पण आग कुठून लागती ते सांगतो.

घरमालकाचा फोन येतो, "भाऊ, एमसीबी सारखी पडायली, मोठी बसव." एमसीबी म्हणजे जास्त लोड आला का आपोआप पडणारं बटन. मी विचारतो वायर कितीची हाय. त्याला माहीत नसतं. बघितलं तर आत दीडची (दीड स्क्वेअर एमएमची) वायर, लाइट-पंख्यापुरती. त्याच्यावर पोरायनं एक्स्टेन्शन बोर्ड लावलेला, बोर्डावर १५०० वॅटचा पाण्याचा रॉड, बाजूला २००० वॅटची इंडक्शन, वरून लॅपटॉप अन् चार मोबाइल. रॉड साडेसहा अँपिअर ओढतो, इंडक्शन पावणेनऊच्या घरात. बोर्ड असतो सहा अँपिअरचा. एमसीबी पडायली म्हणजे ती ओरडून सांगायली का वायर तापली. अन् आपण तिचंच तोंड बंद करतो, १० ची काढून ३२ ची बसवतो. आता एमसीबी पडत नाही, वायर जळती.

मी असं काम करत नाही म्हणलं की मालक दुसऱ्याला बोलावतेत. तो बसवून देतो, शंभर रुपये कमी घेतो.

काका, एवढं करा: प्रत्येक खोलीला वेगळी लाइन. सॉकेटला अडीचची वायर, गिझरला चारची. मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, ती शॉकपासून वाचवती. पण ध्यानात ठेवा, आरसीसीबी जास्त लोडला पडत नाही, त्याला एमसीबीच लागती. लोक एक बसवून दुसरी काढून टाकतेत. अन् जिन्याखाली मीटर हाय म्हणालात, तिथं गाड्या लावता का?

गच्चीवरची_टाकी

लावतो. तीन स्कुटी अन् एक बुलेट. एक स्कुटी चार्जिंगची आहे, रात्री तिथंच लावतात चार्जिंगला.

वायरमन_भाऊ

मायला.

हुरडा_पार्टी (छत्रपती संभाजीनगर)

काका, भीती घालू नका म्हणालात म्हणून थांबलो होतो, पण चार्जिंगची गाडी वाचून लिहावंच लागतंय. ३ एप्रिल २०२४ ची आमच्या संभाजीनगरच्या छावणी भागातली आग आठवते का? खाली कपड्याचं दुकान, वर कुटुंबं राहत होती. पहाटे आग लागली ती खाली. वरच्या मजल्यावरचे एकाच घरातले सात जण गेले, त्यांत लेकरं होती. त्यांना ज्वाळांनी नाही मारलं, ते धुरानं गुदमरले. गाडीच्या चार्जिंगची शंका तेव्हाच बोलली गेली होती.

जिना म्हणजे चुलीचं धुराडं असतं. खाली पेटलं की धूर सगळ्यात आधी जिन्यातून वर जातो, अन् माणसाला खाली यायचं असतं त्याच जिन्यानं. वाळूजला ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे हातमोज्यांच्या कारखान्यात सहा कामगार गेले, ते तर तिथंच झोपलेले होते. रात्र, झोप अन् एकच वाट, या तीन गोष्टी बघा, प्रत्येक बातमीत सापडतात.

रिपीटर_बॅच (नांदेड)

मी लातूरला दोन वर्षं काढली, नाव बघूनच कळलं असेल. मालकाचं नाव सांगत नाही, गल्लीही सांगत नाही.

एप्रिलचा महिना होता. अकरा पोरं, दुसरा मजला. मालक रोज रात्री साडेदहाला खाली चॅनल गेटला कुलूप घालून किल्ली उशाला घेऊन झोपायचे. त्या दिवशी ते घरच्यांना घेऊन तुळजापूरला गेले होते, किल्ली त्यांच्याबरोबर. आम्हाला सांगून गेले होते, "सकाळी येतोच, तोवर अभ्यास करा."

रात्री एकच्या सुमारास आमच्या कूलरची मोटर जळाली. पाणी संपलं होतं, टाकायला पाणी नव्हतं, तरी कूलर कोरडाच चालू ठेवला होता, कारण नुसता पंखा गरम वारा मारायचा. आधी वास आला. मग गवताच्या पॅडनं धरलं. कोरडं गवत, विचारू नका. एका मिनिटात खोलीत समोरचं दिसेना. लाइट बंद केले अन् सगळे जिन्यानं खाली पळालो. खाली गेट बंद. अकरा जण एका गेटवर अन् मागून धूर. कुणी रडत होतं, कुणी मालकाला फोन लावत होतं. मालकाचा फोन स्विच ऑफ.

वाचलो ते कुरडयांमुळे. खरंच. एरवी गच्चीला कुलूप असायचं, पोरं वर जाऊन सिगरेट ओढतात म्हणून. पण त्या आठवड्यात काकूंच्या कुरडया वाळत होत्या, म्हणून दार नुसतं कडीवर होतं. तोंडाला टॉवेल लावून परत वर गेलो, त्याच धुरातून. शेजारच्या गच्चीवर चार फुटांची उडी मारली. एकाचा पाय मोडला. कुरडया तुडवल्या म्हणून काकू दुसऱ्या दिवशी रडल्या, त्याचंच आम्हाला जास्त वाईट वाटलं.

आता इंटर्नशिप करतोय. धुरानं गुदमरलेले पेशंट बघितले की ते गेट आठवतं.

तुरीचं_वरण

अंगावर काटा आला.

लेकीची_आई (सेलू)

सगळं वाचलं. पण एक बाजू कुणी मांडत नाही म्हणून लिहिते. माझी मुलगी अकरावीला लातूरला आहे. आम्ही पाच जागा पाहिल्या अन् शेवटी जिथं रात्री कुलूप लागतं, खिडक्यांना ग्रिल आहे, मालकीणबाई खालीच राहतात अशीच जागा घेतली. सोळा वर्षांची पोर परक्या गावात ठेवायची म्हणजे काय, ते ठेवल्यावर कळतं. आग लागली तर काय, हा विचार माझ्या मनात आला नाही. रात्री कुणी आत शिरलं तर काय, हा विचार रोज येतो. उद्या काकांनी गेट उघडं ठेवलं तर पहिली मी माझी मुलगी काढून घेईन. मालकाला दोष देणं सोपं आहे, कुलूप आम्हीच मागतो.

रिपीटर_बॅच

काकू, तुमचं पटतंय. पण चोर आला तर पोरी ओरडतील. धूर आला तर ओरडताही येत नाही.

लेकीची_आई

तू मुलगा आहेस बाळा, तुला "ओरडतील" म्हणणं सोपं वाटतं.

बार्शीलाइट

इथं जरा थांबा मंडळी, दोघांचंही खरं आहे. वादाला पाणी पाजतो. पाण्यावरून आठवलं: काकांनी नाव घेतलंय गच्चीवरची टाकी. आराखडाताई, आगीसाठी गच्चीवर पाणी राखून ठेवायला सांगतात ना? हे लातूर आहे. २०१६ च्या एप्रिलात इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, उन्हाळ्यात टँकर. एवढं पाणी टाकीत नुसतं आगीची वाट बघत ठेवायचं? सतरा मुली केस धुवायला तेच काढणार. माझ्या टाकीत तर आग लागायच्या आधीच दुष्काळ असतो.

आराखडा

@बार्शीलाइट, हसले. पण याला जुना साधा उपाय आहे. एकाच टाकीत घरवापराची पाइप तळापासून वर, उंचावर लावायची, आगीची पाइप तळाशी. पाणी खाली गेलं की घरचा नळ बंद पडतो, आगीचं पाणी तळाला शिल्लक राहतं. केसाला कितीही शाम्पू लावा, ते पाणी नळाला येत नाही.

अन् ज्यांना एवढं शक्य नाही त्यांच्यासाठी आग विझवायचा सिलिंडर आहेच. सहा किलोचा एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा, प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी. खोलीच्या आत कोपऱ्यात नको, कारण पेटलेल्या खोलीत जाऊन कोण आणणार? काटा हिरव्यात आहे का, ते दर महिन्याला बघायचं.

हुरडा_पार्टी

आमच्या अपार्टमेंटमध्ये तो सिलिंडर पार्किंगच्या दाराला अडकण म्हणून लावलाय. काटा लाल. वर कुणीतरी झेंडूचा हार घातलाय, दसऱ्यापासून.

काळा_कोट (अंबाजोगाई)

कराराचं मी सांगते, कारण सगळ्यांना अकरा महिन्यांचा भ्रम असतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी अन् नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली म्हणजे झालं, असं नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अन् वाद झालाच तर अटींबद्दल राहणारा काय म्हणतो ते आधी खरं धरलं जातं, खोटं पाडायचं काम मालकाचं.

आता खरी मेख. अकरावी-बारावीच्या मुली अठराच्या आतल्या असतात. १८७२ च्या करार कायद्यानं अज्ञान (अल्पवयीन) व्यक्तीशी केलेला करार टिकत नाही. म्हणजे करार वडिलांशी किंवा आईशी करायचा, मुलीचं नाव राहणारी म्हणून आत लिहायचं. सतरा करार करायची गरज नाही. एका खोलीतल्या तिघींचे पालक एकाच करारात घेता येतात. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, ते किरकोळ असतं. खर्च नोंदणी फीचा, शहरात १००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते, पण अंगठा लागतो, म्हणून ॲडमिशनला पालक येतात त्याच दिवशी उरका. नंतर तूर काढायला गेलेला माणूस चार महिने सापडत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही द्या, तीही ऑनलाइन जाते.

आणि करारात आगीचं कलम घाला. खोलीत रॉड-इंडक्शन नाही, गच्चीचं दार आतून बंद करायचं नाही, असं स्पष्ट. लोक करारात मांसाहार बंदी न चुकता घालतात, रॉडचं कुणी घालत नाही.

तुरीचं_वरण

वकीलताई, जीएसटी? आमचा सीए घाबरवतोय.

काळा_कोट

जुलै २०२४ पासून सूट आहे: माणशी महिना २०,००० पर्यंत भाडं अन् सलग किमान ९० दिवस मुक्काम असेल तर लागत नाही.

बार्शीलाइट

श्यामनगरात २० हजाराची कॉट निघाली की मला पण कळवा, मी स्वतः राहायला येतो. बायको मेसचा डबा लावेल.

उदगीर_ते_लेस्टर

इंग्लंडात दहा वर्षं आहे, पहिली तीन अशाच सामायिक घरात काढली, म्हणून तिकडची पद्धत सांगतो. तिथं पाच किंवा जास्त माणसं, एकाच कुटुंबातली नसलेली, स्वयंपाकघर-संडास एकत्र वापरत असतील तर मालकाला नगरपालिकेचा परवाना सक्तीचा. आधी तीन मजल्यांच्या घरांनाच होता, १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट काढली. झोपायच्या खोलीचं किमान माप ठरलेलं: एका मोठ्या माणसाला ६.५१ चौरस मीटर, दोघांना १०.२२. वायरिंगची तपासणी दर पाच वर्षांनी, गॅसची दरवर्षी, प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा. आमच्या घरात स्वयंपाकघराचं दार इतकं जड होतं की कोपरानं ढकलावं लागायचं. अर्धा तास आग अडवणारं, अन् सोडलं की आपोआप बंद होणारं. मी पहिल्याच महिन्यात ते विटेनं उघडं ठेवलं होतं, फोडणीच्या वासासाठी. मालकानं वीट जप्त केली.

काकांची खोली १० बाय १२ धरली तर ११ चौरस मीटर होते. तिकडच्या हिशेबानं दोघी. इथं चौघी.

जुना_घरमालक

आलं लंडन. साहेब, तिकडं भाडं पौंडात येतं. इथं उमरग्याचा, अहमदपूरचा शेतकरी सोयाबीन विकून पोरीचे पैसे भरतो. भाव पडला की मला फोन येतो, "काका, दोन महिने थांबा." मी थांबतो. कधी कुणाला बाहेर काढलं नाही. आता वायरिंग नवीन, सिलिंडर, पाइप, पंप, एजन्सी, सगळं धरलं तर दोन लाखाला मरण नाही. ते कुणाच्या बोकांडी बसवू? कॉटमागे ५०० वाढवले तर ती पोर त्याहून वाईट जागी जाईल, पत्र्याच्या खोलीत, प्लायवुडच्या पार्टिशनमध्ये. तुमचे नियम पाळणारा धंद्यातून जातो अन् न पाळणारा मजेत राहतो. याच्यावर बोला कुणीतरी.

आराखडा

हे तुमचं खरं आहे, अन् याला माझ्याकडं गोड उत्तर नाही. पत्र्याच्या खोल्या मीही बघते. फक्त एवढंच, की तुमच्या दोन लाखांच्या यादीतलं निम्मं फुकट आहे. जिन्याखालून गाड्या काढायला किती लागतात? गच्चीचं कुलूप काढायला? दिल्लीत मुखर्जीनगरला जून २०२३ मध्ये क्लासच्या इमारतीत मीटरजवळ आग लागली, मुलं वायरींना लटकून खाली उतरली. सुरतला मे २०१९ मध्ये २२ मुलं गेली, वरचा मजला छपराचा होता अन् खाली यायची वाट आगीनं धरली होती. दोन्हीकडं पंपाच्या आधी मोकळी वाट कमी पडली.

उदगीर_ते_लेस्टर

@जुना_घरमालक, पौंडाचं मान्य. पण कुलपाची एक गोष्ट स्वस्तातली आहे, लेकीची_आई यांच्यासाठी पण. तिकडच्या घरांना बाहेरून किल्ली लागते, आतून लागत नाही, नुसती चकती फिरवली की दार उघडतं. बाहेरचा आत येऊ शकत नाही, आतला अडकत नाही.

लेकीची_आई

अन् रात्री बाराला पोरगीच चकती फिरवून बाहेर गेली तर? सगळ्याच पोरी शहाण्या नसतात, मी आई आहे, मला माहीत आहे.

वायरमन_भाऊ

ताई, सोपं हाय. दाराला चुंबकाचा स्विच बसवायचा, दार उघडलं की मालकाच्या खोलीत घंटा. बॅटरीवर चालती, लाइट गेली तरी वाजती. सामान चार-पाचशेचं. दुकानाच्या शटरला मी असले लई बसवलेत. पोरगी गेली तरी कळती, आग लागली तरी कळती.

लेकीची_आई

हे चालेल मला. मालकीणबाईंना दाखवते.

तुरीचं_वरण

वायरमन भाऊ, नांदेडला येता का?

गच्चीवरची_टाकी

बारा दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे आभार. जे केलं ते सांगतो, जे नाही केलं ते पण सांगतो.

रिपीटर_बॅच यांचं वाचून त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुलींना न सांगता परीक्षा घेतली. रात्री पावणेअकराला मेन स्विच पाडला अन् मंडळींना जिन्यात उभं करून ओरडायला सांगितलं, "आग आग, खाली या." घड्याळ लावून बसलो. शेवटची मुलगी रस्त्यावर यायला ६ मिनिटं ४० सेकंद. त्यातली चार मिनिटं मी किल्ली शोधत होतो. देवघरात ठेवलेली असते, त्या दिवशी मंडळींनी देव उजळायला काढले होते, किल्ली चिंचेच्या चोथ्याखाली. सतरा पोरी अंधारात गेटपाशी उभ्या अन् मी ताम्हण उपसतोय. कुणी काही बोललं नाही, मीच खाली मान घातली.

आता चॅनल गेटच्या आत लोखंडी दार केलंय, आतून चकतीनं उघडणारं. चॅनल गेटचं कुलूप काढून टाकलं. घंटा आमच्या पलंगाशी. गच्चीचं कुलूप काढून कडी केली. परवा परत परीक्षा घेतली: १ मिनिट ५० सेकंद. एक मुलगी फिजिक्सच्या नोट्स अन् चार्जर घेऊन उतरली. अन् एक उतरलीच नाही. कानात बोळे घालून झोपली होती. मंडळींनी वर जाऊन हलवून उठवली तर म्हणते, "काकू, पाणी आलं का?"

दोन कॉट काढल्या, आता प्रत्येक खोलीत तीन. महिन्याला ४४०० गेले. अर्ज अग्निशमन विभागात दिलाय, पोच घेतलीय, उत्तर यायचंय. करार तीन खोल्यांचे झाले, दोन खोल्यांचे पालक यायचेत. वायरिंग दिवाळीच्या सुट्टीत, मुली गावी गेल्यावर. तोवर रॉड जप्त. सहा निघाले! बाथरूमसाठी सोलर होतंच, ढगाळ दिवसांचं भांडण चालू आहे.

जुना_घरमालक

काका, ते आतून उघडणारं दार कुणाकडून केलं? किती लागले? सहज विचारतोय.

बार्शीलाइट

झोपलेला उठला!

गच्चीवरची_टाकी

@जुना_घरमालक, बार्शी रोडच्या वेल्डिंगवाल्याकडून. फोन करा, व्यनित (खाजगी निरोपात) नंबर देतो.

वायरमन_भाऊ

काका, सगळं झालं. जिन्याखालच्या गाड्या?

गच्चीवरची_टाकी

स्कुट्या हलवल्या, समोर पत्रा टाकून. चार्जिंगचा बोर्ड तिकडंच काढला. बुलेट राहिलीय. व्याह्यांची आहे, चार महिन्यांपासून ठेवायला दिलीय. तुम्हीच सांगा, त्यांना कसं म्हणू?